बोलीतली इंग्रजी कानात कशी बसवायची? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीत संध्याकाळी माझा इंग्रजी बोलण्याचा वर्ग असतो. येणारी माणसं साधारण तीन तऱ्हेची. एक, इंग्लंडला जायच्या तयारीतल्या नर्स. दोन, शिरोली नि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतले इंजिनिअर, ज्यांना कास्टिंगच्या ऑर्डरीसाठी परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलावं लागतं. आणि तीन, ज्यांची लेक किंवा मुलगा तिकडेच राहिलाय असे आईवडील. व्याकरण तिघांचंही बरं असतं. तक्रारही तिघांची एकच: ‘मॅडम, लिहिलेलं कळतं, बोललेलं कळत नाही.’

त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. इंग्रजी शब्द देवनागरीत, कानाला ऐकू येतात तसे लिहिले आहेत. उच्चारात जिथे घशात हवा क्षणभर अडते तिथे मधे आडवी रेघ दिली आहे.

शाळेत दहा वर्षं इंग्रजी शिकलो. वाचलेलं कळतं, मग बोललेलं का कळत नाही?

कारण छापलेल्या शब्दांच्या मधे जागा असते, बोललेल्या शब्दांच्या मधे नसते.

बाहेरगावाहून नवीन आलेला माणूस रंकाळ्यावर भेळ खात उभा आहे आणि कुणी त्याला विचारलं, ‘काय करालैस?’ तो गडबडतो. ‘काय करायला लागला आहेस’ हे त्याला चांगलं ठाऊक असतं. ‘करायला लागला’चं ‘कराला’ झालेलं मात्र त्यानं कधी ऐकलेलं नसतं. आपण ‘जेवालोय’, ‘यालोय’ दिवसातून पन्नास वेळा म्हणतो आणि त्यात ‘लागलोय’ दडलंय हे आपल्या ध्यानातही येत नाही.

‘आय ॲम गोइंग टू’चं ‘आयम गॉना’ होतं ते अगदी ह्याच रीतीनं. घाईत त्याचंही ‘आयमना’ होतं. जे सारखं बोलायचं, ते तोंड आखडून घेतं. गंमत म्हणजे ह्या आखडण्यालाही नियम आहे. पुढे क्रियापद असेल तरच ‘गॉना’: ‘आयम गॉना स्लीप’ चालेल. ‘मी पुण्याला चाललोय’ म्हणताना ‘आयम गॉना पुणे’ कुणीही म्हणणार नाही, तिथे ‘गोइंग टू’ पुरतं म्हणावं लागतं. आपल्याकडेही ‘करायला लागलोय’चं ‘करालोय’ होतं, पण ‘पायाला लागलंय’मधलं ‘लागलंय’ आखडत नाही. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, तरी कुणी चुकत नाही.

पण ही अशुद्ध इंग्रजीच ना? ती कशाला शिकायची?

दोन गोष्टींची गल्लत होते. ‘गॉना’, ‘वॉना’ (वॉन्ट टू), ‘डनो’ (डोन्ट नो) ही कुठल्या एका भागाची बोली नव्हे, ती घाईची इंग्रजी. प्राध्यापकही घरी तीच बोलतो. लंडनच्या पूर्व भागातली, लिव्हरपूलची, ग्लासगोची, अमेरिकेच्या दक्षिणेतली, ह्या झाल्या बोली. त्यांचे आवाज वेगळे, काही ठिकाणी व्याकरणही वेगळं, पण प्रत्येकीचं स्वतःचं.

आपल्या पोरी ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात. पुण्यात गेल्या की ह्यावरून त्यांची चेष्टा होते. ही चूक नाही, आपल्या भागाची रीत आहे. मी स्वतः घरी असंच बोलते. म्हणजे, बोलतो.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत ‘आस्क’चं ‘ॲक्स’ होतं आणि त्यावरून त्यांना अडाणी ठरवतात. खरं तर जुन्या इंग्रजीत ह्या क्रियापदाची दोन्ही रूपं नांदत होती, आणि चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीनंही ‘ॲक्स’ लिहिलेलं आहे. आपण ‘नुकसान’चं ‘नुस्कान’ नि ‘मतलब’चं ‘मतबल’ करतो, तोच हा प्रकार. पोर्तुगीजांच्या ‘बाल्दे’ची बालदी झाली आणि बालदीची बादली. आज ‘बादली’ला कुणी अशुद्ध म्हणून दाखवावं.

शिकायची म्हणाल तर बोलण्यासाठी नव्हे, कळण्यासाठी. हा फरक पुढे सगळीकडे येईल.

सगळ्या बोलींत सारखे असे कोणते बदल आहेत? आधी तेच सांगा.

आधी ठेका. मराठीत आपण अक्षराअक्षराला जवळपास सारखा वेळ देतो. इंग्रजी हलगीसारखी चालते: जोराचे ठोके ठरावीक अंतरानं पडतात आणि मधली बारीक अक्षरं त्या जागेत कोंबली जातात. ‘कॅट्स ईट फिश’ हे तीन ठोके. ‘द कॅट्स हॅव ईटन द फिश’ ह्यातही ठोके तीनच, आणि वेळही फारसा वाढत नाही. मग ‘द’ आणि ‘हॅव’चं काय होतं? ‘द’चं नुसतं ‘द्’, ‘हॅव’चं ‘अव्’, कधी तर फक्त ‘व्’. म्हणून ‘कप ऑफ टी’चं ‘कपा टी’ आणि ‘फिश अँड चिप्स’चं ‘फिश न चिप्स’. ‘टेल हिम’चं ‘टेलिम’. ‘गिव्ह मी’, ‘लेट मी’ हे ‘गिमी’, ‘लेमी’.

त्यानंतर सांधा. ‘ट’ किंवा ‘ड’च्या पुढे ‘य’ आला की दोघे मिळून ‘च’ आणि ‘ज’ होतात. ‘डिड यू’चं ‘डिजू’, ‘वॉट आर यू’चं ‘वॉचा’. हा ‘च’ चहातला, चमच्यातला नव्हे. आणि ‘ज’ जेवणातला. संधी आपल्याला संस्कृतात घोकून पाठ करायला लावतात, इंग्रज पोरं न घोकता करतात.

आणि आता फौंड्रीवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. अमेरिकन माणूस ‘वी कॅन शिप इट’ म्हणतो तेव्हा ‘कॅन’ पुसट होऊन ‘कन’ किंवा नुसता ‘क्न’ होतो. ‘वी कॅन्ट शिप इट’ म्हणतो तेव्हा शेवटचा ‘ट’ घशातच राहतो, ऐकू येत नाही, पण ‘कॅ’ मात्र पूर्ण, ठसठशीत येतो. म्हणजे तुम्हाला ‘कॅन’ स्वच्छ ऐकू आलं तर बहुधा ते ‘नाही’ असतं आणि पुसट ऐकू आलं तर ‘हो’. आपण नेमके उलटे फसतो: ‘त्यांनी कॅन असं स्पष्ट म्हटलं होतं, मॅडम.’ एवढ्या एका स्वरावर कंटेनर अडू शकतो. शंका आली की ‘सो दॅट्स अ नो?’ असं विचारून टाकायचं, लाजायचं नाही.

अमेरिकन लोक ‘वॉटर’मधल्या ‘ट’चं नेमकं काय करतात?

त्याचा ‘र’ करतात. अमेरिकन नव्हे, आपला: ‘वारा’मधला, जिभेचं टोक एकदाच हलकं आपटणारा. ‘गेट इट’चं ‘गेरिट’, ‘शट अप’चं ‘शरप’, ‘बेटर’चा पहिला भाग ‘बेर’. आपण तो ‘ड’ ऐकतो नि ‘वॉडर’ म्हणतो. ‘ड’ म्हणायचाच असेल तर ‘वडा’मधला सैल ‘ड’ म्हणा, ‘डबा’मधला घट्ट नको.

हे सगळीकडे होत नाही. ‘ट’च्या नंतरचा स्वर जोराचा असेल तर ‘ट’ टिकतो. ‘ॲटम’मध्ये तो सैल होतो, ‘अटॉमिक’मध्ये जोर ‘टॉ’वर आहे म्हणून कडकच राहतो. ‘ट’ असा सैल होतो म्हणूनच ‘रायटर’ आणि ‘रायडर’ अमेरिकनाच्या तोंडी जवळपास सारखे ऐकू येतात. लेखक की स्वार, ते वाक्यावरून ओळखायचं.

आणि लंडनची माणसं तो ‘ट’ गिळूनच टाकतात, तो कसा काढायचा?

लहान मूल गॅसकडे हात नेतं तेव्हा आपण ‘अ! अ!’ म्हणून दटावतो. त्या दोन ‘अ’च्या मधे घशाचं दार बंद होतं, ते बंद होणं म्हणजेच तो आवाज. मराठीच्या वर्णमालेत त्याला अक्षर नाही, पण घसा आपलाही तेच करतो. ‘बॉटल’चं ‘बॉ-ल’, ‘वॉटर’चं ‘वॉ-अ’, ‘बेटर’चं ‘बे-अ’.

पूर्व लंडनच्या कॉकनी बोलीबद्दल हे नेहमी सांगतात, पण ग्लासगोतही ते तितकंच आहे. आणि पुढे व्यंजन असेल तर बरेच सभ्य, शिकलेले इंग्रजही हेच करतात: ‘फुटबॉल’चं ‘फु-बॉल’, विमानतळाचं नाव ‘गॅ-विक’. तेव्हा हा आवाज ऐकून समोरचा कोणत्या थरातला हे ठरवायला जाऊ नका.

माझा ‘थिंक’मधला ‘थ’ चुकतो असं सगळे म्हणतात. आधी तो सुधारू का?

शेवटी सुधारा. आपण दाताला जीभ टेकवून ‘थ’ म्हणतो. आयर्लंडमधले कितीतरी लोक त्याच्या जवळचंच काहीतरी म्हणतात. लंडनच्या बोलीत ‘थिंक’चं ‘फिंक’ आणि ‘ब्रदर’चं ‘ब्रवर’ होतं. जगभर हा आवाज वाकतो आणि त्यावाचून कुणाचं अडत नाही.

अडतं ते दुसरीकडे. आपला ‘व’ ना धड ओठांचा ना धड दातांचा. इंग्रजीत दोन वेगळे आवाज आहेत: एक वरचे दात खालच्या ओठावर टेकवून, दुसरा शीळ घालतो तसे ओठ गोल करून. ‘वाइन’ दातांनी म्हटलं तर तो द्राक्षाचा वेल, ओठांनी म्हटलं तर प्यायची वाइन. तासगावकडच्या एका बागायतदारांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मॅडम, आमच्याकडं पहिल्याचंच दुसरं हुतंय.’ आरसा घेऊन आठवडाभर सराव केला तरी हा फरक जमतो.

दुसरी अडचण शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’, ‘ट’, ‘क’ची. इंग्रज तिथे हवा सोडतो. आपण ‘पिन’ कोरडा म्हणतो आणि त्याला ‘बिन’ ऐकू येतं. मराठीला हवेचे आवाज परके नाहीत, ‘ख’, ‘ठ’ आपल्याकडे आहेतच. ‘कॅट’ म्हणताना ‘ख’च्या अर्ध्या वाटेवर जायचं. ‘प’चं मात्र जपून, आपला ‘फ’ हल्ली बऱ्याचदा दातओठांचा झालाय, आणि मग ‘पिन’चं ‘फिन’, म्हणजे माशाचा पंख होतो.

इंग्लंडला गेल्यावर कोणकोणत्या बोली कानावर पडतील?

वीस-तीस मैलांवर आवाज बदलतो म्हणा. लीड्सच्या हॅरल्ड ऑर्टन ह्या प्राध्यापकांनी १९५० ते १९६१ ह्या काळात इंग्लंडमधल्या ३१३ ठिकाणी, बहुतेक खेडेगावांत, माणसं पाठवून तिथल्या जुन्या लोकांची बोली टिपून घेतली. त्यातलं बरंच आता गेलं, तरी शहरांच्या बोली जिवंत आहेत.

लंडनची कॉकनी म्हणजे, परंपरेनं, सेंट मेरी-ल-बो चर्चच्या घंटेच्या आवाजाच्या टापूत जन्मलेल्यांची. अंबाबाईच्या देवळाच्या घंटेचा आवाज पोचतो तिथवरची ती कोल्हापुरी, असं म्हटल्यासारखं. त्यात शब्दाचा पहिला ‘ह’ जातो, ‘हाउस’चं ‘आउस’. आपण ‘आहे’चं ‘हाय’ करून तो ‘ह’ पुढं आणतो, ते सोडतात. तिच्यात नि सुशिक्षित इंग्रजीत मधली अशी एक बोली थेम्सच्या खाडीकाठानं पसरली. डेव्हिड रोझवॉर्न ह्या भाषेच्या अभ्यासकांनी १९८४ मध्ये तिला एश्चुअरी इंग्लिश हे नाव दिलं. आजच्या लंडनच्या तरुण पोरांची बोली आणखी निराळी आहे, त्यात कॅरिबियन, आफ्रिकन, दक्षिण आशियाई घरांतले आवाज मिसळलेत.

लिव्हरपूलच्या बोलीचं नाव स्काउस, आणि ते आलंय एका रश्शावरून: खलाशी खात तो मटण, बटाटा नि कांद्याचा स्ट्यू. बोलीला रश्शाचं नाव देणारं गाव कोल्हापूरकराला आवडायलाच हवं. आपल्या मराठीला कुणी ‘तांबडा’ म्हटलं तर मला तरी राग येणार नाही. १८४० च्या दशकातल्या दुष्काळात आयर्लंडहून लोकांचे लोंढे तिथे उतरले, त्याचा ठसा बोलीवर राहिला. ‘बॅक’चा शेवटचा ‘क’ घशात घासत उर्दूतल्या ‘ख़’सारखा येतो. न्यूकॅसलला ‘गोइंग होम’चं ‘गॅनिन येम’ होतं, आणि तिथे मी अजूनही अडते. यॉर्कशरमध्ये ‘द’ एवढा आखडतो की ‘डाउन द पब’मध्ये तो नुसता घशातला अडथळा उरतो: ‘डाउन - पब’. मराठीत मुळात तो शब्दच नाही, म्हणून आपल्याला तो गेल्याचं दुःखही होत नाही.

आणि संबोधनं! मी पुण्यात कॉल सेंटरात रात्रपाळीला ब्रिटिश गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात ग्लासगोच्या एक बाई म्हणाल्या, ‘आय कॅने हिअर यी, हेन.’ ‘कॅने’ म्हणजे ‘कॅनॉट’ हे मला माहीत नव्हतं, तेव्हा मला एवढंच कळलं की बाई मला कोंबडी म्हणाल्या. मी फार थंडपणे ‘एक्स्क्यूज मी?’ म्हटलं. त्या बिचाऱ्या पुन्हा तेच, आणखी मोठ्यांदा. तीन दिवसांनी नॉटिंगहॅमचे एक आजोबा ‘अय अप, मी डक’ म्हणून सुरू झाले. म्हणजे एका आठवड्यात मी कोंबडीबी झालो आणि बदकबी. तिथल्या वरिष्ठांना विचारायला गेले तर उत्तर आलं, ‘लक्ष देऊ नको, कॉलचा वेळ कमी कर.’ पुढे कुणीतरी समजावलं: ग्लासगोत बाईमाणसाला ‘हेन’, नॉटिंगहॅमकडे कुणालाही ‘डक’, न्यूकॅसलला ‘पेट’, यॉर्कशरला ‘लव्ह’. आपल्या ‘बाळा’, ‘भावा’ची ही भावंडं. नर्स मुलींनो, वॉर्डात म्हातारे पेशंट तुम्हाला ह्यातलं काहीतरी म्हणणारच. ओळखून ठेवा आणि हसून ‘येस, लव्ह?’ म्हणा.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचं काय?

थोडक्यात. अमेरिकेच्या दक्षिणेत ‘टाइम’चं ‘टाऽम’ होतं आणि ‘पेन’ व ‘पिन’ दोन्ही ‘पिन’, म्हणून तिथे लिहायची पिन की टोचायची पिन असं विचारावं लागतं. ‘यू’चं अनेकवचन ‘यॉल’. प्रमाण इंग्रजीत नसलेली सोय त्या बोलीनं करून घेतली. ऑस्ट्रेलियात ‘डे’ ‘डाय’कडे झुकतो आणि शब्द निम्मे तोडून शेपूट लावतात: ‘आफ्टरनून’चं ‘आऽवो’, ‘ब्रेकफास्ट’चं ‘ब्रेकी’. न्यूझीलंडचा ‘फिश अँड चिप्स’ ऐकाल तर ‘फश न चप्स’, आणि त्यांचा ‘पेन’ आपल्या कानाला ‘पिन’.

माझा ‘र’ फार कडक आहे. मऊ करायला हवा का?

कुणासाठी? स्कॉटलंडमध्ये ‘र’ जिभेनं आपटलेला सर्रास ऐकू येतो, तिथे तुमच्या ‘र’ला कुणी नवल म्हणणार नाही. आयर्लंड आणि बहुतेक अमेरिका सगळे ‘र’ म्हणतात, फक्त जीभ मागे वळवून. लंडन, लिव्हरपूल, सिडनी इथे ‘कार’चा ‘र’ गायब, पण पुढे स्वर आला की हजर. तो इतका हजर होतो की नसलेल्या ठिकाणीही टपकतो: ‘लॉ अँड ऑर्डर’चं ‘लॉरन ऑर्डर’.

‘र’वरून माणूस कसा तोलला जातो ह्याची एक मजेदार तपासणी विल्यम लबॉव्ह ह्या भाषाशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कमध्ये १९६२ मध्ये केली. सॅक्स हे महागडं दुकान, मेसीज मधलं, एस. क्लाइन स्वस्तातलं. प्रत्येक ठिकाणी चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठे आहे असं तो विक्रेत्यांना विचारी. उत्तर अर्थात ‘फोर्थ फ्लोअर’. मग ऐकू न आल्याचं सोंग करून पुन्हा वदवून घेई. महागड्या दुकानात ‘र’ जास्त निघाले, स्वस्तातल्या दुकानात कमी; आणि दुसऱ्यांदा नीट बोलताना ‘र’ वाढले. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये ‘र’ म्हणणं प्रतिष्ठेचं. लंडनमध्ये उलट, न म्हणणं प्रतिष्ठेचं. ह्यात जिभेचा काय गुन्हा? तुमचा ‘र’ राहू द्या.

आयेल्ट्स किंवा ओईटीमध्ये आपल्या उच्चाराचे मार्क कापतात का?

आयेल्ट्स ही परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा. तिच्या बोलण्याच्या भागात चार निकष सारख्या वजनाचे असतात आणि उच्चार हा त्यांतला एक. तिथे बघतात ते तुमचं बोलणं विनासायास कळतं का, जोर आणि चढउतार जागेवर आहेत का. मराठी वळण आहे म्हणून मार्क जात नाहीत. उसनं वळण आणायच्या नादात शब्द अस्पष्ट झाले तर मात्र जातात.

खरा घोटाळा ऐकण्याच्या पेपरात होतो. आयेल्ट्सचे ४० प्रश्न, साधारण ३० मिनिटं, आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन असे वेगवेगळे आवाज त्यात येतात. ओईटी ही आरोग्यक्षेत्रातल्यांची परीक्षा. तिच्यात ४२ प्रश्न, सुमारे ४० ते ४५ मिनिटं, आणि सुरुवातच पेशंटच्या बोलण्यानं. पेशंट बातम्या वाचल्यासारखं बोलत नाही. म्हणून माझ्या वर्गात नर्सना मी पाठ्यपुस्तकाच्या सीडीबरोबर घरगुती गप्पाही ऐकवते.

सराव नेमका कसा करायचा? रोज किती वेळ?

रोज वीस मिनिटं, आणि त्यात फक्त वीस सेकंदांचा तुकडा. ज्यांना तासाचा कार्यक्रम बघायचा असतो ते आठवडाभरात कंटाळतात, हे मी पाहिलंय.

तुकडा तीनदा ऐका, मजकूर न बघता. मग जे ऐकू आलं ते देवनागरीत लिहा, अर्थ लागो न लागो. इंग्रजी लिपीत लिहू नका, कारण मग हात स्पेलिंगकडे वळतो आणि कान बंद पडतो. ‘वॉचा गॉना डू बाउरिट’ असं वहीवर आलं की मग खरा मजकूर (‘वॉट आर यू गोइंग टू डू अबाउट इट’) उघडा आणि कोणता आवाज कुठे गेला ते लाल पेनानं दाखवा. आपली लिपी ह्या कामाला फार चांगली आहे: ‘बॅट’ आणि ‘बेट’ वेगळे लिहिता येतात, ‘ऑ’ आहे. तिच्यात दोन ‘व’ नाहीत, घशातला अडथळा नाही, आणि जोर कुठे ते दिसत नाही. त्यासाठी जोराच्या अक्षराखाली रेघ मारायची. शेवटी बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, अर्धा शब्द मागे राहून, तेच वाक्य त्याच ठेक्यात म्हणायचं. तोंडानं एकदा केलेला आवाज कानाला लवकर सापडतो. तोंड वापरायचं ते एवढ्यासाठी.

तुकडे कुठे मिळतील? अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाचा स्पीच ॲक्सेंट अर्काइव्ह फुकट आहे. जगभरच्या माणसांनी एकच परिच्छेद वाचलाय, त्यामुळे ग्लासगो आणि टेक्सास शेजारी शेजारी ऐकता येतात. यूग्लिश ह्या संकेतस्थळावर शब्द टाकला की तो शब्द उच्चारलेले व्हिडिओ एकामागोमाग येतात, देशानुसार निवडता येतात. यूट्यूबचा वेग ०.७५ वर आणा, पण एकदाच. मग पुन्हा पूर्ण वेगानं.

सबटायटल लावून बघितलं तर चालेल का?

इंग्रजी लावा. हिंदी-मराठी नको. नेदरलँड्समधल्या मिटरर आणि मॅक्वीन ह्या संशोधकांनी २००९ मध्ये हे तपासून पाहिलं: डच विद्यार्थ्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन बोलीतले व्हिडिओ दाखवले. इंग्रजी सबटायटलवाल्यांचा कान त्या बोलीला सरावला, अगदी नवी वाक्यंही त्यांना जास्त कळली. डच, म्हणजे मातृभाषेतले, सबटायटल वाचणाऱ्यांची नव्या वाक्यांत उलट पीछेहाट झाली. अर्थ डोळ्यांना आयता मिळाला की कान काम सोडून बसतो.

तिथल्या लोकांसारखं हुबेहूब बोललो तर त्यांना आवडेल ना?

टीव्हीवरच्या मालिकांत मुंबईचे नट कोल्हापुरी बोलतात तेव्हा तुम्हाला किती आवडतं? प्रत्येक वाक्याला ‘नाद खुळा’, प्रत्येक शब्दाला हेल. आपण चॅनेल बदलतो. ग्लासगोच्या माणसासमोर तुम्ही ‘कॅने’ म्हणालात किंवा कृष्णवर्णीय सहकाऱ्याशी त्याच्या ढंगात बोलायला गेलात, तर त्याला तसंच वाटतं. कधी चेष्टा, कधी अपमान. ज्या बोलीपायी त्या माणसानं नोकरीत टोमणे खाल्लेत, ती तुम्ही हौसेनं मिरवताय.

चार-पाच वर्षं राहिलात की थोडं वळण आपोआप येतंच, त्याला हरकत नाही. ‘गॉना’, ‘डनो’, ‘कपा टी’ एवढं बेलाशक वापरा, ती सगळ्यांची आहेत. फक्त लिहिताना नको. एकानं कोटेशनच्या मेलमध्ये ‘वी आर गॉना डिस्पॅच’ लिहिलं होतं. ते आपण टेंडरात ‘माल धाडालोय’ लिहिल्यासारखं दिसतं.

माझं वय ६२. नातवंडं सिडनीत. आता जमेल का?

बोलण्याचं वळण ह्या वयात बदलणं अवघड. कान मात्र तुलनेनं लवकर रुळतो. शाहूपुरीतल्या एक काकू नातवाशी रोज रात्री व्हिडिओ कॉलवर बोलतात आणि दहा मिनिटं त्यानं काय सांगितलं ते वहीत देवनागरीत उतरवतात. दुसऱ्या दिवशी वही वर्गात. ‘टुडाय’ म्हणजे ‘टुडे’, हे मी सांगायच्या आधीच त्यांनी शोधून काढलं होतं.

फोनवर अजिबात कळलं नाही तर काय म्हणायचं?

‘रिपीट’ नको, हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ‘पार्डन’ चालतं, पण त्यावर समोरचा तेच तितक्याच वेगानं पुन्हा म्हणतो. जे कळलं ते आपण म्हणून दाखवायचं आणि जे राहिलं तेवढंच विचारायचं: ‘सॉरी, यू सेड थर्सडे, ॲन्ड द नंबर वॉज?’ मग समोरचा फक्त आकडा सांगतो, आणि एकटा शब्द माणूस आपोआप सावकाश म्हणतो.

आकड्यांत पंधरा आणि पन्नास, तेरा आणि तीस ह्या जोड्या सगळ्यांना रडवतात, त्यात अमेरिकन ‘थर्टी’मधला ‘ट’ही आपल्या ‘र’सारखा सैल होतो. जोर बघा: ‘फिफ्टी’त तो ‘फिफ्’वर, ‘फिफ्टीन’मध्ये बहुधा ‘टीन’वर. तरीही शंका राहिली तर ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?’ असं सरळ विचारायचं. आणि फोन ठेवल्या ठेवल्या तोच आकडा मेलवर लिहून पाठवायचा.